उघडा आणि उपटा

धाकटीच्या मुलीने नोकरीच्या गावी परस्पर लग्न उरकलं आणि घरी नुसता फोटो पाठवला, त्या वर्षीची ही गोष्ट. धाकटी तो फोटो मोबाईलवर दोन बोटांनी ताणून जावयाचे बूट बघत बसली होती. नवरा म्हणाला, "बूट काय बघतेस, माणूस बघ." ती म्हणाली, "माणूस फोटोत कुठे दिसतो? बूट तरी दिसतात." बूट पुसलेले होते. तेवढ्यावर तिने मुलीला माफ केलं. नवऱ्याला मात्र आणखी दोन महिने लागले.

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात थोरल्या साडूने चालत्या यंत्रातलं कार्ड उपटलं.

साडू दोघे. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे; थोरला थोरलीचा, धाकटा धाकटीचा. थोरली बहीण काही वर्षांपूर्वी वारली होती, त्यामुळे नात्याचा एक टेकू गेला होता, पण दुकान दोघांचं होतं आणि ते चालत होतं. थोरला दुकानाच्या माडीवर एकटा राहायचा आणि दोन वेळचं जेवण मागच्या गल्लीत धाकटीकडे. मेव्हणीच्या हातचं खातो म्हणून तो कधी मीठ कमी आहे असं म्हणत नसे. मिठाची बरणी मात्र स्वतःजवळ ओढून ठेवायचा, ते ती बघायची.

दुकानात राउटरची जुनी कार्डं दुरुस्त होत. राउटर म्हणजे पत्र्याची पेटी, तिच्या पाठीला खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक कार्ड. कार्डाला तोंडं. ज्या जातीची तार असेल त्या जातीचं तोंड लागतं. कुठे जुनी टेलिफोनची तार, कुठे नवी काचेची. पेटी तीच राहते, तोंडं बदलत राहतात. मोठी कार्यालयं जुनी कार्डं भंगारात टाकत, ती हे दोघे उचलून आणत. थोरला त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायचा, वाकलेल्या पिना चिमट्याने सरळ करायचा, दुकानातल्या एका जुनाट राउटरमध्ये बसवून पारखायचा आणि चंदेरी पिशवीत बंद करायचा. धाकटा ती खपवायचा. ज्यांची यंत्रं जुनी आणि नवी घ्यायची ऐपत किंवा इच्छा नाही, अशी गिऱ्हाइकं पुष्कळ होती.

आणि मग अडॅप्टर. नवं कार्ड जुन्या खाचेत बसत नसेल तर मध्ये घालायचा डबा. एका बाजूने खाचेशी जमवून घेतो, दुसऱ्या बाजूने कार्डाशी. दुकानात त्याला 'साडू' म्हणत. कुणी विचारलं तर धाकटा सांगायचा, "दोघांची आपसात ओळखपाळख नाही, पण एकाच घरात नांदायचंय. मग साडू नाही तर काय?" गिऱ्हाईक हसायचं. थोरला हसायचा नाही. विनोद मूळचा त्याचा होता.

थोरल्याचा एक नियम होता. यंत्राच्या खोलीत 'काढा' हा शब्द बोलायचा नाही. फार पूर्वी एका गोदामात गिऱ्हाइकाने "कार्ड काढा" म्हटलं होतं, त्याला म्हणायचं होतं पिशवीतून काढा, आणि याने यंत्रातून काढलं होतं. तेव्हापासून त्याने शब्द वाटून टाकले होते. पिशवी उघडून नवं कार्ड बाहेर घ्यायचं असेल तर 'उघडा'. यंत्रातलं ओढून बाहेर घ्यायचं असेल तर 'उपटा'. आत सारायचं असेल तर 'बसवा'. तीन शब्द, तीन कामं.

धाकट्याने हा नियम कधी पाळला नाही. तो सगळ्यालाच 'काढा' म्हणायचा. पण यंत्राच्या मागे काम चाललं असलं की तो स्वतः वळसा घालून मागे यायचा, थोरल्याच्या खांद्याला हात लावायचा, बोटाने कार्ड दाखवायचा आणि मग म्हणायचा, "हे काढा." चूक कधी झाली नव्हती. थोरल्याला तो हात खांद्यावर नको असायचा. शाळेतल्या पोराला दाखवतात तसं वाटतं, असं तो धाकटीला एकदा म्हणाला होता.

त्या वर्षी धाकट्याने विषय काढला.

"दादा, बाहेरच्या कामाला एक माणूस ठेवू या का?"

"कशाला?"

"तुम्हाला दगदग नको."

"मी कधी म्हटलं दगदग होते?"

"परवा बँकेत मी किती हाका मारल्या."

"ऐकल्या. पहिलीच ऐकली. उत्तर देण्याजोगं काही नव्हतं तिच्यात."

"मी म्हणालो, दादा, वायर पायात येतेय."

थोरल्याने चिमटा खाली ठेवला. "साडूभाऊ, माझे कान शाबूत आहेत. तुमची जीभ शाबूत नाही. फोटो काढा, कपडे काढा, दुकान काढा, झोप काढा, भांडण काढा, आणि तसंच कार्ड काढा. माणसाने करायचं काय? तुम्ही जरा नेमकं बोला, मला नेमकं ऐकू येईल."

"म्हणजे दोष माझाच."

"मी नाव घेतलं नाही कुणाचं."

दोघे एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. इतक्या वर्षांत ते काही बदललं नव्हतं, आणि भांडताना तर ते फारच सोयीचं पडायचं. त्या संध्याकाळी थोरला जेवायला आला नाही. धाकटीने डबा माडीवर पोचवला आणि परत येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं.

"काय बोललात त्यांना?"

"ऐकू येत नाही म्हणालो. खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणून तोंडावर फेकायचं? ताई गेल्यापासून त्या माणसाला दुसरं आहे काय? पत्र्याच्या पेट्या. त्या पण तुम्ही काढून घ्या."

"बघ, तूही काढून म्हणतेस."

"मला शिकवू नका. त्यांचे ते तीन शब्द आहेत ना, ते एकदा बोला त्यांच्या मनासारखे. जिभेला काही होणार नाही तुमच्या."

धाकट्याने हात झटकून ताट पुढे ओढलं. पण मनावर घेतलं त्याने. हे नंतर कळलं.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाचं काम त्याच आठवड्यात निघालं. शहराच्या सगळ्या पंपघरांच्या तारा त्या कार्यालयातल्या एका राउटरला येऊन मिळत. कुठली टाकी किती भरली, कुठला पंप चालू, हे एका मोठ्या पडद्यावर दिसे. राउटर जुना होता आणि त्यातलं एक कार्ड अर्धमेलं झालं होतं. त्याचं एक तोंड बंद पडलेलं, दिवे सगळेच गेलेले, पण बाकीची तोंडं इमानाने चालू होती. ते बदलून त्या जागी साडूसकट दुसरं बसवायचं होतं. जमलं तर बाकीची सगळीच कार्डं बदलायचं काम दुकानाला मिळणार होतं. आणि थोरल्याने मनाशी धरलं होतं की हे काम आपल्या हातून नीट झालं की माणूस ठेवायची भाषा बंद होईल.

तिथल्या अभियंता बाई वयाने पन्नाशीच्या. साडी नेसून पायात खेळाडूंचे बूट घालत, कारण दिवसभर जिने. त्यांनी दार उघडून दिलं आणि म्हणाल्या, "पेटी बंद पडता कामा नये. उन्हाळा आहे."

खोलीत पंख्यांचा घोष होता. असल्या खोल्यांत नेहमीच असतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी घसा ताणावा लागतो. राउटर कपाटाएवढ्या चौकटीत वर बसवलेला. कार्डं मागच्या बाजूला, म्हणून थोरला मागे. लॅपटॉपचं टेबल पुढे, म्हणून धाकटा पुढे. मध्ये यंत्रांची भिंत. कामाचा क्रम ठरलेला होता. आधी पिशवी उघडून नव्या कार्डावरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा. मग धाकटा लॅपटॉपवरून ती खाच झोपवणार, म्हणजे तेवढीच बंद करणार. खाच झोपली की जुनं उपटायचं. एरवी खाच झोपली की कार्डाचा दिवा विझतो आणि मागच्या माणसाला कळतं. या कार्डाला दिवाच नव्हता. होता तो शब्दाचाच आधार.

थोरल्याने उत्साहात पिशवी आधीच उघडून ठेवली होती. अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला तारेचा पट्टा बांधला होता, स्क्रू सैल केले होते, दोन्ही बाजूंच्या कळांवर अंगठे ठेवून उभा होता. खांद्यावर हात पडेल म्हणून तो जरा ताठही झाला होता.

हात पडला नाही. भिंतीपलीकडून हाक आली. धाकटा पहिल्यांदाच जागेवरून, थोरल्याच्या शब्दांत, मोठ्याने बोलत होता.

थोरल्याला बरं वाटलं. त्याने कळा दाबल्या आणि कार्ड उपटलं.

क्षणभर काही झालं नाही. मग सगळी पेटीच गप्प झाली. पंखे मंदावले आणि एकदम पुन्हा जोरात फिरू लागले. म्हणजे यंत्र पहिल्यापासून उठायला लागलं. काचेपलीकडे भिंतीवरचा मोठा पडदा करडा झाला. कुणीतरी "अरे!" म्हणालं.

धाकटा धावत मागे आला. थोरल्याच्या हातात कार्ड बघून जागीच थांबला.

"दादा, हे काय?"

"तुम्ही म्हणालात, उपटा."

धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

बाहेर एकच गडबड उडाली. दोघेतिघे टेलिफोनला चिकटले. "टाकीवर माणूस बसव. हो, डोळ्यांनी बघ. पडद्यावर काही दिसत नाहीये. भरली की पंप बंद कर." पेटी उठायला बराच वेळ घेते. तेवढ्यात टेकडीवरची एक टाकी भरून वाहिली आणि खालच्या रस्त्यावरच्या लोकांनी फुकटात गाड्या धुऊन घेतल्या. याहून जास्त नुकसान झालं नाही. पेटी उठली, थोरल्याने नवं कार्ड बसवलं, बंद पडलेलं तोंडसुद्धा चालू झालं. काम खरं म्हणजे झालं होतं.

बाई आत आल्या. आवाज चढला नव्हता, पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

"कोणी केलं?"

थोरला पुढे झाला. त्याच्या आधी धाकटा बोलला. "माझी चूक मॅडम. पिशवी उघडा म्हणायचं होतं, तोंडातून उपटा गेलं. त्यांनी मी सांगितलं तसं केलं."

बाईंनी दोघांकडे बघितलं. "बाकीची कार्डं बदलायचीत, आणि तुमच्याशिवाय जुनी कार्डं कुणाकडे नाहीत, म्हणून बोलतेय. पुढच्या आठवड्यात हे काका एकटे येतील. लॅपटॉपवर आमचा माणूस बसेल. तुम्ही या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

परतताना गाडीत थोरला मांडीवरच्या रिकाम्या चंदेरी पिशवीची घडी घालत होता. आतून तो सुखावला होता, आणि सुखावल्याची त्याला लाजही वाटत होती. शेवटी म्हणाला, "होतं असं कधीकधी. जीभ घसरते माणसाची."

"हो ना."

"आयुष्यात पहिल्यांदा नेमका शब्द वापरायला गेलात आणि तोच चुकलात."

"सवय नाही," धाकटा म्हणाला आणि गिअर बदलला.

घरी धाकटीने दोघांचे चेहरे बघून ताटं वाढली. नवऱ्याने झालेलं सांगितलं, चूक माझी असंही सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

थोरल्याला माडीवर आल्यावर ते टोचायला लागलं. इतकी वर्षं तो या माणसाला ओळखत होता. रस्ता चुकला तर रस्त्याला नावं ठेवणारा माणूस. मुलीने परस्पर लग्न केलं तर टपालाचा दोष म्हणणारा, आमंत्रण आलं असेल, पोचलं नसेल. आणि आज बाईंनी विचारायचा अवकाश, त्याने चूक कबूल करून पदरात घेतली होती. ना 'पण', ना 'तरी', ना 'दादांनी जरा बघायला हवं होतं'. चुकलेला असता तर तो असा चटकन कबूल झाला नसता.

दुसऱ्या दिवशी धाकटा वसुलीला बाहेर गेल्यावर थोरल्याने मेव्हणीला दुकानात बोलावलं. दुकानातला जुना राउटर चालू केला, धूळ ओढायचा पंखाही लावला.

"काय हो भाऊजी, कान किटले. कशाला बोलावलंत?"

"त्या कपाटामागे उभी राहा आणि मी सांगतो ते दोन शब्द बोल. उघडा आणि उपटा. क्रम तुझ्या मनाने लाव. ओरडू नकोस. ते खोलीत बोलतात तेवढ्याच आवाजात."

"हा काय खेळ?"

"खेळ समज."

तिने पदर खोचला आणि कपाटामागे गेली. थोरला पाठ करून बाकावर बसला. समोर एक डबी ठेवली आणि राउटरमध्ये एक निकामी कार्ड. 'उघडा' ऐकलं की डबीचं झाकण उघडायचं, 'उपटा' ऐकलं की कार्ड ओढायचं. धाकटी बोलायची आणि डोकं बाहेर काढून बघायची.

पहिल्यांदा तिला हसू आलं. "भाऊजी, डबी उघडलीत. मी उपटा म्हटलं होतं."

"परत."

"आता कार्ड ओढलंत. मी उघडाच म्हणाले."

"परत."

"हे बरोबर."

"परत."

नंतर ती हसेनाशी झाली. शेवटी शेवटी ती बोलायच्या आत जरा थांबू लागली, आणि मग तिचा शब्द नेमका आदल्या वेळचाच असायचा, म्हणजे त्याला सोपं जावं. ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने पंखा बंद केला.

पहिलं अक्षर तेच, शेवटचा हेल तोच. मध्ये जे काय वेगळं होतं ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. शब्द वाटून देताना त्याचे कान तरणे होते. तेव्हा ते दोन शब्द दोन टोकांचे वाटले होते.

"दोन्ही एकच वाटतात," तो म्हणाला.

"पंख्याचा आवाजच केवढा आहे."

"खोलीत यापेक्षा जास्त असतो."

धाकटी बाकाजवळ आली. "मीच त्यांना म्हटलं होतं हो, तुमच्या शब्दांत बोला म्हणून. नाहीतर आले असते नेहमीसारखे मागे, हात लावला असता."

"मग बरोबरच सांगितलंस. नियम माझा होता."

"आता काय करणार? पुढच्या आठवड्यात तुम्हाला एकट्याला बोलावलंय ना?"

त्याने डबीचं झाकण लावलं. "यातलं त्यांच्या कानावर घालू नकोस."

"कोणतं? ते खोटं बोलले हे तुम्हाला कळलं, ते?"

"तेच."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी थोरला एकटाच पाणी-कार्यालयात गेला. बाई जिन्यातच भेटल्या. तिथे शांत होतं, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"मॅडम, त्या दिवशी चूक माझी होती. ते उघडा म्हणाले. मी उपटा ऐकलं. मला त्या खोलीत आता ऐकू येत नाही."

बाई एका पायरीवर थांबल्या. "मग त्यांनी स्वतःच्या अंगावर कशाला घेतलं?"

"साडू आहेत."

बाईंना हे पुरलं की नाही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मग काम?"

"ते येतील. एक माणूस घेऊन येतील, तरुण कानाचा. कार्डं मी तयार करून देईन, त्यात कसूर होणार नाही. एकच विनंती आहे. मी येऊन सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. तुम्हीच मन बदललंत असं सांगा."

"म्हणजे मी लहरी ठरायचं."

"साहेब लोकांना शोभतं ते."

बाई हसल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि वर निघून गेल्या. दुपारी त्यांचा फोन आला. धाकटा फोन ठेवून म्हणाला, "दादा, मॅडमनी मलाही बोलावलं. दोघांनी या म्हणाल्या. काय बाई आहे, दोन दिवसांत फिरली."

"बरं झालं. पण मला नाही जमणार."

"का?"

"गुडघा. त्यांचे जिने फार. तुम्ही म्हणत होता तो माणूस घ्या बरोबर."

धाकट्याने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कधीपासून दुखतोय?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"बोलला नाहीत."

"बोलण्याजोगं काही नव्हतं."

 माणूस ठेवला, कामं झाली, पाणी-कार्यालयाची सगळी कार्डं थोरल्याच्या हातची बसली आणि पेटी पुन्हा गप्प झाली नाही. थोरला दुकानात बाकावर बसून पिना सरळ करत राहिला. नव्या माणसाला दमदाटी करून तीन शब्द शिकवायच्या भानगडीत तो पडला नाही. माणूस 'काढू का?' विचारायचा आणि धाकटा मागे जाऊन बोट दाखवायचा.

कधी बाहेरून आल्यावर धाकटा विचारायचा, "दादा, गुडघा कसा आहे?"

"चढ नको म्हणतो."

"तेल लावा."

"लावतो."

धाकटी दोघांची ताटं वाढायची आणि दोघांचंही ऐकून घ्यायची. तिच्या मनात काही वेळा आलं की एकाला दुसऱ्याचं सांगून टाकावं, पण मग जेवताना दोघांनी बोलायचं काय, हा प्रश्न होता. तिने सांगितलं नाही. आपलं खोटं थोरल्याने ओळखलं होतं, हे धाकट्याला कधी कळलं नाही.

मुलीचं पहिलं मूल रांगायला लागलं त्या वर्षी, जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी, धाकटा साडू हृदय बंद पडून वारला.